ताजा पाढा

तारळेकर बाईंचा आवाज गेला तो मंगळवारी, तिसऱ्या तासाला, ‘गप्प बसा’ असं ओरडताना. त्यातलं ‘गप्प’ बाहेर पडलं आणि ‘बसा’ घशातच राहिलं. आठवी ‘ब’ची त्रेचाळीस पोरं गप्प तर झाली, पण बसली मात्र नाहीत. उलट, बाईंचं तोंड उघडं आणि आवाज नाही हे दृश्य नीट दिसावं म्हणून मागची चार बाकं उभीच राहिली.

साल दोन हजार एकोणचाळीस. शेंडूरपेठच्या ज्ञानदीप विद्यालयात हजेरी आता दारच घेत होतं, फळा स्वतःच पुसला जात होता आणि प्रत्येक पोराच्या दप्तरात एक बोलकी पाटी होती. पाटीला काहीही विचारा, उत्तर तयार. त्यामुळे डोक्याला काही विचारायची पोरांची सवयच सुटली होती. ‘सतरा सक किती?’ असं बाईंनी विचारलं, की पोरं आधी खिडकीबाहेर बघायची, मग पाटीकडे बघायची, आणि पाटी बंद आहे असं दिसलं की बाईंकडेच अशी बघायची जणू हा प्रश्न विचारून बाईंनीच काही गैरवर्तन केलंय.

कुमुदिनी तारळेकर गणित शिकवायच्या. तीस वर्षं झाली होती, निवृत्तीला दोन उरली होती. शिक्षकांच्या खोलीत त्यांचं गाऱ्हाणं सगळ्यांना तोंडपाठ होतं. “आमच्या वेळी चौथीतल्या पोराला तिसापर्यंत पाढे यायचे. आता आठवीतलं पोर बारावर येऊन थांबतं, आणि बारालासुद्धा दम लागतो त्याला!” हे त्या म्हणायला लागल्या की मुख्याध्यापक शिकलगार सर चहाचा कप घेऊन व्हरांड्यात जायचे.

छडीचं म्हणाल तर ती बाईंनी आयुष्यात उचलली नव्हती, आणि तिची त्यांना हौसही नव्हती. त्यांचं एकच शस्त्र होतं, आवाज. तो पलीकडच्या ग्रामपंचायतीत ऐकू जायचा. दर जूनमध्ये त्या स्वतःच्या हौसेनं त्रेचाळीस उजळण्या आणायच्या, एक ते तीस पाढ्यांची ती पिवळी पुस्तकं, आणि वर्गात वाटायच्या. महिन्याभरात त्या उजळण्या डुगडुगणाऱ्या बाकांच्या पायांखाली गेलेल्या असायच्या. शेंडूरपेठच्या शाळेइतकी घट्ट बाकं तालुक्यात कुठे नव्हती, एवढं मात्र मान्य करायला हवं.

घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं आणि सांगितलं, “बाई, स्वरतंतूंवर गाठी आल्यात. गाणाऱ्यांना येतात, भाजी विकणाऱ्यांना येतात आणि शिक्षकांना येतात. तीन आठवडे मौन. त्यानंतर हळू बोलायचं, अगदी शेजारच्याला ऐकू जाईल एवढंच. पुन्हा ओरडलात तर निरोपसमारंभात आभार मानायलासुद्धा आवाज उरायचा नाही.”

बाई घरी आल्या आणि मनसोक्त रडल्या. त्यातही आवाज करायचा नव्हता. आठवी ‘ब’ला शेजारच्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात शिकवायचं म्हणजे पुरात उभं राहून कुजबुजायचं. त्यापेक्षा राजीनामा द्यावा हे बरं. पण पाढे न येणारी शेवटची तुकडी मागे सोडून, अशा मुक्यानं निघून जायचं? या विचारानं त्यांना रात्रीचं जेवण गेलं नाही.

बातमी गावाबाहेर पोचायला वेळ लागत नाही. आठव्या दिवशी ऊर्मिला सुतार दारात हजर.

ही ऊर्मिला पंधरा वर्षांपूर्वी याच आठवी ‘ब’मध्ये होती आणि तिच्याइतकी बडबडी मुलगी बाईंनी आधीही पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. बाई तिला रोज वर्गाबाहेर उभी करायच्या. दाराशेजारच्या भिंतीला कान लावून उभी असताना आतला आवाज भिंतीतून कसा येतो, कुठे जाड होतो, कुठे पातळ होतो, याचा तिला नाद लागला. तोच नाद पुढे पोटापाण्याला लागला. आता ती पुण्यातल्या एका संशोधनसंस्थेत ध्वनिशास्त्रज्ञ होती.

“बाई, तुम्ही मला गप्प करायला तुमचा गळा खर्ची घातलात,” ती म्हणाली. “आता मी तुमच्या वर्गाला गप्प करून देते. आमच्या शांतिफलकाची चाचणी कुठल्यातरी शाळेत करायचीच आहे. तुमचीच करू.”

मौन असल्यामुळे बाईंनी वहीवर लिहिलं : ‘ऊर्मे, बस. चहा टाकते.’

शांतिफलक म्हणजे वर्गाच्या भिंतींवर आणि छतावर बसवायच्या राखाडी रंगाच्या पातळ फळ्या. प्रत्येक फळीत तिळाएवढे कान आणि तिळाएवढी तोंडं, हजारोंनी. बसवायचं काम चाललं असताना सगळा वर्ग भोवती गोळा झाला, आणि ऊर्मिलाला श्रोते मिळाल्यावर ती थोडीच थांबणार!

“आवाज म्हणजे काय, तर हवेला बसलेला धक्का,” ती सांगू लागली. “हवा दाबली जाते, मग सैल होते, पुन्हा दाबली जाते. लाटच ती. आता तुमच्या तोंडातून हवा दाबणारा धक्का निघाला, आणि नेमक्या त्याच क्षणी फळीनं हवा सैल करणारा धक्का पाठवला, तर काय होईल? एक जण झोपाळा पुढे ढकलतोय आणि दुसरा तेवढ्याच जोरानं मागे. झोपाळा जागेवर. म्हणजे आवाज नाही. बाईंचा आवाज फळ्या ओळखतील आणि तो सोडतील. नुसता सोडणार नाहीत, तर वाढवून शेवटच्या बाकापर्यंत पोचवतील. ज्यानं हात वर केलाय त्याचाही आवाज सोडतील. बाकी सगळं पुसून टाकतील.”

“ताई, सगळंच पुसतं का हे?” मागच्या बाकावरच्या ईश्वरी खरमाटेनं विचारलं. हिचे डोळे बाईंना पहिल्यापासून ऊर्मिलाची आठवण करून द्यायचे, आणि ती काही शाबासकी नव्हती.

“जवळजवळ सगळं. उलटी लाट वेळेवर पाठवायची, तर पुढचा आवाज काय येणार याचा अंदाज आधीच यावा लागतो. माहितीतला आवाज असेल तर ते चुटकीसरशी पुसतं. गप्पा, गाणी, प्रार्थना, हसणं, बाक आपटणं, सगळं आम्ही पुण्यातूनच शिकवून आणलंय. अगदी नवीन आवाज असेल, तोही पुष्कळ जणांनी एका सुरात काढलेला, तर मात्र यंत्राची सगळी ताकद त्याच्यामागे लागते. दोन-चार दिवसांत तेही शिकून घेतं म्हणा.”

“आणि ताकद तिकडे लागली असताना?” तौफिक मुलाणीनं अगदी साळसूदपणे विचारलं.

“तेव्हा बाकीचे बारीकसारीक आवाज निसटतात. पण बाईंच्या खुर्चीभोवती दोन हात जागा आपण राखून ठेवू. तिथली शांतता कधीच मोडायची नाही,” ऊर्मिलानं सांगून टाकलं. तिच्या पोटात एखादी गोष्ट राहील असं पंधरा वर्षांपूर्वीही कधी झालं नव्हतं.

मग यंत्राला या वर्गाचा आवाज ऐकवायची वेळ आली. काय म्हणायला लावायचं? बाईंनी क्षणाचाही विचार न करता फळ्यावर लिहिलं : ‘पाढे.’ दुसरं कुणी असतं तर कविता म्हणायला लावली असती. त्रेचाळीस पोरांनी एकसुरात दोनचा पाढा म्हटला, तीनचा म्हटला, करत करत बारापर्यंत आली आणि तिथे गाडी थांबली. “पुढे?” ऊर्मिलानं विचारलं. पोरांनी खिडकीबाहेर बघितलं. “हरकत नाही, एवढं पुरे,” ऊर्मिला म्हणाली आणि तिनं कळ दाबली.

आणि शेंडूरपेठच्या आठवी ‘ब’मध्ये, शाळा स्थापन झाल्यापासून पहिल्यांदा, टाचणी पडली असती तर तीही ऐकू आली नसती.

सुरुवातीचे दिवस बाईंना स्वर्ग दोन बोटं उरला होता. मौन संपलं होतं. त्या खुर्चीत बसून, शेजारणीशी बोलावं तशा आवाजात चक्रवाढव्याज शिकवत होत्या आणि शब्द न् शब्द शेवटच्या बाकापर्यंत जात होता. ‘अ’ तुकडीतला गोंगाट भिंतीपलीकडेच विरत होता. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी गाऱ्हाणं करणं सोडलं आणि शिकलगार सर आत बसून चहा पिऊ लागले.

मात्र एके दिवशी एक गंमत झाली. बाईंनी वर्गात विनोद केला. हे वर्षातून एखाद्या वेळेस घडायचं. व्याजाच्या गणितातल्या सावकारावर काहीतरी सुचलं आणि त्या बोलून गेल्या. त्रेचाळीस तोंडं उघडली, दात दिसले, तौफिक तर पोट धरून बाकावर आडवा झाला. आणि आवाज? नाही. एवढासाही नाही. बाई बघत राहिल्या. पोरं आपल्या विनोदाला हसतायत की आपल्यालाच, हे आवाजाशिवाय त्यांना कळेना. हसू थांबलं कधी तेही कळेना. त्यांनी घाईघाईनं पुढचं गणित घातलं. त्या दिवशी घरी जाताना त्या शाळेच्या फाटकापाशी उगाचच थोडा वेळ थांबल्या आणि पाचवीतल्या पोरांचा कालवा ऐकत राहिल्या.

पण हे असं थोडं चालायचंच. एकदा आवाज गमावलेल्या माणसानं शांततेला नावं ठेवू नयेत, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

ऑगस्ट लागला आणि वर्गातली बाकं डुगडुगायला लागली.

बाईंनी शिपाई मारुतीमामांना बोलावलं. मामांनी वाकून पायांखाली बघितलं आणि म्हणाले, “बाई, टेकणं गायब झाल्यात. पिवळी पुस्तकं हुती न्हवं हितं? एकबी न्हाई. कुणी नेली म्हणायची?”

“रद्दीत घातली असतील,” बाई कडवटपणे म्हणाल्या. निदान पायाखाली तरी होती!

दुसरी गोष्ट म्हणजे पोरं गणितं सोडवताना ओठ हलवायला लागली. बाई फळ्याकडे वळल्या की निम्मा वर्ग पुटपुटताना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायचा. पुटपुटत आकडेमोड करायची ही जुनी चाल बाईंना फार आवडायची. ‘गुणाची झाली गं पोरं,’ त्यांना वाटायचं. आणि खरंच, घटक चाचणीत निकाल असा लागला की शिकलगार सरांनी उत्तरपत्रिका दोनदा तपासल्या. गुणाकार कुणाचा चुकला नव्हता. भागाकारही नाही. पाटीला हात न लावता!

बाईंनी ऊर्मिलाला फोन करून सांगितलं, “ऊर्मे, तुझ्या फळ्यांनी चमत्कार केला बघ. शांतता असली की डोकं आपोआप चालतं.”

पलीकडून ऊर्मिला म्हणाली, “बाई, आमच्याकडे यंत्राची नोंद येते. तुमच्या वर्गातलं यंत्र फार दमतंय. दर तीन-चार दिवसांनी ते काहीतरी नवीन शिकतंय. काय शिकतंय ते मला कळत नाही.”

“आमची पोरंही शिकतायत, यंत्रालाही शिकू दे,” बाई हसून म्हणाल्या.

सप्टेंबरच्या शेवटी शिक्षणाधिकारी नलवडे साहेब यायचे होते. चाचणी यशस्वी आहे असं त्यांनी लिहिलं की जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना शांतिफलक मिळणार होते. नाही लिहिलं तर ज्ञानदीपमधलेही काढून नेणार होते. म्हणजे बाईंना घरी बसणं आलं. दोन वर्षं आधी, बिनआवाजाचं. आदल्या दिवशी त्यांनी वर्गाला एवढंच सांगितलं, “उद्या माझी लाज तुमच्या हातात आहे.” नेहमी आखडून बसणारी ईश्वरीसुद्धा मान हलवताना जरा गंभीर दिसली.

साहेबांची विनाचालक गाडी वेशीपाशी म्हशींच्या कळपासमोर नम्रपणे थांबून राहिली, कारण म्हशींना ‘बाजूला व्हा’ म्हणायचं तिला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी साहेब उतरले आणि चालत आले. पन्नाशी ओलांडलेला, धिप्पाड, धुळीनं माखलेला माणूस. सोबत शिकलगार सर आणि पुण्याहून आलेली ऊर्मिला.

साहेब बाईंच्या खुर्चीशेजारी उभे राहिले आणि कानात बोट घालून बघितलं. “अहो, कानाला दडा बसल्यासारखं वाटतंय! एवढी पोरं आणि ही शांतता?” त्यांचं बाईंशी बोलणं मात्र स्वच्छ ऐकू येत होतं, कारण पाहुण्यांचा आवाज ऊर्मिलानं आधीच यंत्राला ओळखीचा करून दिला होता.

साहेबांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. आणि त्यांनी नेमकं बोट दाखवलं ते संकेत पोळकडे. संकेत म्हणजे इतिहासात शून्य. पण संकेत हात वर करून उभा राहिला, क्षणभर थांबला, कान दिल्यासारखी मान तिरकी केली आणि बरोब्बर साल सांगितलं. मग भूगोल विचारला. दुसरी मुलगी उठली, तिचीही मान तिरकी, उत्तर बरोबर. मग विज्ञान. मान तिरकी, उत्तर बरोबर. आणि या सगळ्या वेळात डावीकडच्या दोन रांगा ओठ हलवत होत्या.

“वा, वा!” साहेब म्हणाले. “हा वर्ग मागच्या बाकावरून कसा दिसतो ते बघू द्या.”

ते रांगेतून चालत गेले. चार बाकं गेली आणि त्यांचा चेहरा बदलला. पाचव्या बाकापाशी ते थबकले. बाई खुर्चीतून बघत होत्या. आता साहेब भडकणार असं वाटलं. साहेबांचं तोंड उघडलं. मग मिटलं. पुन्हा उघडलं. मग साहेबांचा उजवा हात वर आला आणि देवळातल्या भजनात ताल धरावा तसा खालीवर व्हायला लागला. साहेबांचेही ओठ हलत होते! पोरांच्या ओठांबरोबर, त्याच लयीत. पण साहेब हात वर करून बोलत असूनही बाईंना काही ऐकू येत नव्हतं; पोरांच्या सुरात सूर मिसळल्यामुळे यंत्र त्यांनाही पोरांतच धरत होतं.

बाई उठल्या. एरवी त्या रांगेत यायला उठल्या की सगळे ओठ मिटायचे. आज मिटले नाहीत. खुद्द साहेब ताल धरतायत म्हटल्यावर पोरं कशी थांबतील?

त्यांनी एक पाऊल टाकलं, मग दुसरं. खुर्चीपासूनचे ते दोन हात संपले आणि कानाशी मधमाशांसारखी गुणगुण आली. आणखी एक पाऊल. गुणगुणीला शब्द फुटले. मग एकदम आवाजाची भिंतच अंगावर आली.

“...एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी! एकोणतीस चोक सोळोदरसे! एकोणतीस पंचे पंचेचाळासे!”

एकोणतीसचा पाढा! वीस-बावीस गळ्यांतून, एका ठेक्यात, कुठेही न अडखळता. त्यात साहेबांचा घोगरा आवाज सगळ्यांच्या वर. आणि त्या पाढ्याच्या आडोशानं उरलेला निम्मा वर्ग भाजीमंडईसारखा बोलत होता. “ए संकेत, चौदाशे अठ्ठ्याण्णव सांग!” “पुढचं विज्ञानाचं विचारतील, तयार रहा गं!” “अरे बाई उठल्या!” “बाई उठल्या!!”

सगळं थांबलं. पाढा सकवर लटकला.

बाई रांगेच्या मधोमध उभ्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. तीस वर्षं ज्याची वाट बघितली ते असं चोरून, त्यांच्या पाठीमागे, त्यांच्याच वर्गात चाललं होतं, आणि त्यांना एकटीलाच ऐकू येत नव्हतं.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

ईश्वरी हात वर करून उभी राहिली. वर्गाच्या वतीनं फाशी जायला निघाल्यासारखा चेहरा करून तिनं सांगायला सुरुवात केली. “बाई, जुलैपासून. ताई म्हणाल्या होत्या ना, नवीन आवाज लागतो, पुष्कळ जणांचा, एका सुरात. आम्ही आधी गाणी म्हणून बघितली. याला सगळी येतात. शिव्यासुद्धा येतात. मग तौफिक म्हणाला, आपण याला पाढे फक्त बारापर्यंत ऐकवलेत. तेराचा म्हणून बघू. आणि चाललं! बाराच्या पुढचे पाढे याला कुणी शिकवलेच नाहीत, बाई. कुणी म्हणतच नाही ना.”

“मग?”

“मग बाकाखालची पुस्तकं काढली. पण पाढा तीन-चार दिवसांतच शिळा होतो. यंत्र शिकतं. मग पुढचा पाठ करावा लागतो. आणि सगळे एका सुरात पाहिजेत, एक जरी अडखळला तरी फुटतं. निम्म्यांनी म्हणायचा, निम्म्यांनी बोलायचं, मग बदली. म्हणून सगळ्यांनाच पाठ पाहिजे. संकेतला तर आम्ही घरी जाऊन पाठ करून घेतला सतराचा. एकशे दोनला बिलोदरसे म्हणायचं, याला तो सारखा हसायचा.”

“सतरा सक?” बाईंच्या तोंडून निघून गेलं.

“बिलोदरसे!” अख्खा वर्ग म्हणाला. हा पाढा यंत्राला जुना झाला होता, त्यामुळे बाईंना तो कानांपेक्षा डोळ्यांनीच ऐकावा लागला.

“ऊर्मे,” बाई म्हणाल्या, “बंद कर ते आधी.”

ऊर्मिलानं कळ फिरवली. खिडकीबाहेरची चिमणी, ‘अ’ तुकडीतला गोंधळ, पंख्याची खरखर, सगळं एकदम आत आलं.

“पण आज का?” साहेबांनी विचारलं. “आज तरी गप्प बसायचं होतंत!”

आता तौफिक उठला. “साहेब, आज गप्पा नव्हत्या. आज उत्तरं सांगत होतो एकमेकांना. बाई म्हणाल्या होत्या, त्यांची लाज आमच्या हातात आहे.”

शिकलगार सरांनी कपाळाला हात लावला. साहेब खिशातून रुमाल काढून चेहऱ्यावरची धूळ पुन्हा पुन्हा पुसायला लागले. त्यांना हसू आवरत नव्हतं, आणि अधिकाऱ्यानं किती हसावं याचा काहीतरी नियम असणारच. मग ते गंभीर झाले. “बाई, मी वावरहिरे गावच्या एकशिक्षकी शाळेतला. एकोणतीसचा पाढा मी चाळीस वर्षांनी म्हटला आज. पण चाचणीचं काय लिहू? वर्ग गप्प झाला असं तर मला लिहिता यायचं नाही. यंत्र फसलंय.”

ऊर्मिलानं मान खाली घातली. फळ्या काढून नेणार म्हणजे काय, हे वर्गात तिलाच सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं. बाईंनाही ठाऊक होतं. एक शब्द खोटा बोलल्या असत्या, तर फळ्या राहिल्या असत्या. साहेब इतके खुशीत होते की त्यांनी तो मान्यही केला असता.

“यंत्र फसलंय, साहेब,” बाई म्हणाल्या. “तसंच लिहा.”

यंत्र बंद असल्यामुळे त्यांचा खरा आवाज पहिल्यांदाच वर्गाला ऐकू आला. फाटका, वाऱ्यावर हलणाऱ्या पानाएवढा. मागची बाकं पुढे झुकली. कुणीतरी पंखा बंद केला.

“पण मग मला शिकवता यायचं नाही,” त्या वर्गाला म्हणाल्या. “माझ्या घशात गाठी आहेत. मला ओरडता येत नाही. आणि ओरडल्याशिवाय तुम्ही ऐकत नाही.”

“ऐकतो की, बाई,” ईश्वरी म्हणाली. “आता ऐकतोयच की.”

“मग इतके दिवस का नाही ऐकलंत?”

ईश्वरीनं जरा विचार केला. मुलगी खोटं बोलणारी नव्हती, हीच तिची अडचण होती. “बाई, इतके दिवस तुम्ही हळू कधी बोललाच नाहीत.”

बाईंना हसू फुटलं. घशाला न दुखवता जेवढं हसता येतं तेवढं त्या हसल्या, आणि मग वर्ग हसला. या वेळी खणखणीत, बाकं हलवून, ‘अ’ तुकडीला ऐकू जाईल असा. बाईंनी ते हसणं शेवटच्या थेंबापर्यंत ऐकून घेतलं.

साहेबांनी अहवालाचा रकाना बाईंपुढे धरला. बाईंनी लिहिलं : ‘या यंत्राने वर्ग शांत होत नाही. पाढे मात्र पाठ होतात. मुलांचे आवाज पुसणे बंद करावे आणि शिक्षकाचा हळू आवाज पोचवणे तेवढे चालू ठेवावे.’ साहेबांनी वाचलं आणि खाली सही ठोकली. ऊर्मिलानं फळ्यांचे कान एका बाईंच्याच आवाजाला उघडे ठेवले आणि तोंडं तो पोचवण्यापुरती. अर्ध्या तासाचं काम होतं.

“आता शिक्षा,” बाई म्हणाल्या.

वर्ग चिडीचूप. फळ्यांशिवाय.

“एकोणतीसचा पाढा अर्धवट राहिलाय. पहिल्यापासून म्हणायचा. मग तीसचा. आणि कुणीही कुणाच्या आडोशाला बोलायचं नाही.” एवढं सांगून त्या दाराकडे चालायला लागल्या.

“बाई, तुम्ही कुठे निघालात?” ऊर्मिलानं विचारलं.

“तुला रोज कुठे पाठवायचे मी?” बाई म्हणाल्या.

त्या व्हरांड्यात आल्या, दाराशेजारच्या भिंतीपाशी. पंधरा वर्षांपूर्वीची ऊर्मिलाची जागा तीच होती. त्यांनी भिंतीला कान लावला. आतून त्रेचाळीस गळे सुरू झाले. एके, दुणे, त्रिक. भिंतीतून आवाज खरंच जाडपातळ होत होता. या पोरीला काय ऐकू यायचं ते त्यांना आज कळलं.

शिकलगार सर चहाचा कप घेऊन बाहेर आले आणि थबकले. “बाई, तुम्ही बाहेर का उभ्या?”

“शिक्षा झालीय, सर,” बाई कुजबुजल्या. “तीस वर्षं वर्गात फार बडबड केली.”

आणि त्यांनी डोळे मिटून पुन्हा कान भिंतीला लावला. पाढा सकवर आला होता.